लाल दिवा विझेपर्यंत

विश्वास ठेवा, नाहीतर म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. हॉलिवूड, १९२९चा ऑगस्ट. आणि रात्रबित्र नव्हती हो, भर दुपार होती!

बोलपटांचं खूळ नुकतंच आलं होतं. आमचा मूकपट तयार होता, पण मालक अडून बसले, शेवटचा प्रसंग बोलता करा. नायक रसेल क्वेडचा आवाज त्यांनी नापास केला. जाताना तो नायिकेला, लेनोरला, हसत म्हणाला, "बोलू तर दोघं बोलू. नाहीतर कुणीच नाही."

महिन्याभरात तो वारला.

मग ठरलं, लेनोरने रिकाम्या खुर्चीशी बोलायचं. रसेलची जुनी दृश्यं मध्ये जोडायची.

"जमेल ना गं?" मी विचारलं.

"न जमून सांगते कुणाला? आज आवाज पसंत पडला नाही, तर घरी बसायचं. तू जा तुझ्या कपाटात, वॉल्टर. निघ उकडून!"

कपाट म्हणजे कॅमेऱ्याची खोली. त्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून मला, कॅमेरामनला, कॅमेऱ्यासकट आत कोंडायचे. बाहेरून कडी. चित्रण चालू असल्याचा लाल दिवा विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. काचेतून सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही.

दिवा लागला.

लेनोर बोलू लागली.

आणि... रिकाम्या खुर्चीची गादी हळूच दबली.

लेनोरचा हात गळ्याकडे गेला. माझा जन्म मूकपटात गेलाय, मला ओठ वाचता येतात. ती संवाद म्हणत नव्हती.

"वॉल्टर... थांबव याला..."

मी काचेवर बुक्क्या मारल्या. घसा फाटेस्तोवर ओरडलो. दिग्दर्शक डोळे मिटून ऐकत होता. चक्क हसत होता!

दिवा विझला. कडी निघाली.

"काय आवाज लागला बाईचा! एक शब्द चुकली नाही!" दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला.

"अरे मूर्खा, ती संवाद बोललीच नाही!"

"उकाड्याने डोकं फिरलंय तुझं."

लेनोर आमच्याकडे बघत होती. तोंड उघडत होती, मिटत होती.

आवाज... नव्हता.

पुढे चित्र आणि आवाजाची तबकडी जुळवून पाहिली. लेनोरच्या ओठांशी तिचाच आवाज जुळेना. मग रसेलचं जुनं, मुकं दृश्य आलं...

त्याच्या ओठांवर तिचा आवाज तंतोतंत बसला.

चित्रपट डब्यात गेला. डॉक्टर झाले, औषधं झाली, ती पुन्हा बोलली नाही. मी तिच्याशी लग्न केलं. आताही ती समोर बसलीय, आणि ओठ तेच म्हणतायत.

थांबव याला.

कसं थांबवू हो? मला तो दिसतसुद्धा नाही.