सकाळी चालणारी फियाट

"बाजूला व्हा रे पोरांनो! आता सुटणार बघा गाडी!" राकेशकाका ओरडले.

सगळे श्वास रोखून उभे राहिले. आजोबांनी फियाटची किल्ली फिरवली.

घर्र… घर्र… घर्र… आणि गप्प!

"पुन्हा!" बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अण्णा, दर शनिवारी मी पुण्याहून हे बघायला येतो का?"

आजोबा खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या बाजूच्या एका काळ्या डबीचे चाप काढले आणि झाकण उचलून आत पाहिलं.

"रोटर नाही," ते म्हणाले. "नवा मागवावा लागेल. आठवडा जाईल."

"रोटर म्हणजे काय हो?" शेजारच्या राजने विचारलं. तो दहा वर्षांचा होता आणि त्याच्या तोंडात नेहमी काहीतरी असे. आत्ता चिंच होती.

"प्लगना करंट वाटतो तो तुकडा. अंगठ्याएवढा असतो. त्याच्याशिवाय गाडी नुसती घरघरते."

बाबा आणि काका पाय आपटत घरात गेले. तेरा वर्षांचा हर्षल मात्र त्या डबीकडे बघतच राहिला.

"निकिता," तो बहिणीच्या कानात कुजबुजला, "झाकणाचे दोन्ही चाप घट्ट लावलेले होते. मग आतला तुकडा आपोआप कुठे जाईल?"

हर्षल आणि निकिता मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आजोबांकडे इंदिरानगरला आले होते. आजोबा, म्हणजे चिमाजीआजोबा, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि अंबडच्या भंगारवाल्याकडून ही फियाट घेऊन आले. तेव्हा हर्षल बालवाडीत होता. गाडीला दारं नव्हती आणि मागच्या सीटवर भंगारवाल्याची कोंबडी अंडी घालत असे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांनी एकट्याने ती उभी केली होती. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन पार सुटं करून पुन्हा बांधलं. मग त्यांना वाटलं, नुसती जुनी गाडी जुन्यासारखी करण्यात काय अर्थ? म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, बॅटरी भरायला जुना डायनामो काढून नवा अल्टरनेटर घातला, सीटना पट्टे बसवले. गाडीचं रूप तेवढं जुनं राहिलं होतं.

आता या गाडीवर सगळंच अडलं होतं. घर पाडून तिथे इमारत बांधायचं बाबांनी आणि काकांनी बिल्डरशी ठरवलं होतं. सही मात्र आजोबांची हवी होती. आणि आजोबा म्हणाले होते, "गाडी रस्त्यावर येऊ द्या. ज्या दिवशी येईल त्या दिवशी सही करतो, आणि तिच्यातच बसून पुण्याला राहायला येतो."

मुलांना तर आनंदच झाला होता. आजोबा कायमचे आपल्याकडे! फक्त गाडी तेवढी सुरू व्हायला हवी होती.

"ऐका," हर्षलने शेडमागे तातडीची बैठक बोलावली. "आज सकाळी गाडी चालू होती. मी स्वतः ऐकली. शिवणयंत्रासारखा आवाज!"

"गेल्या शनिवारीही सकाळी चालली होती," निकिता म्हणाली. "संध्याकाळी बॅटरीची वायर सुटलेली निघाली."

"आणि त्याच्या आधी पेट्रोलच्या नळीत चिंधी! सकाळी चालते आणि बाबा आले की बंद! कुणीतरी मुद्दाम करतंय हे!"

"भूत असेल," राज म्हणाला.

"भूत चाप लावून जातं का रे, चिंचखाऊ?"

"नीटनेटकं भूत असेल!"

निकिता खुदकन हसली. हर्षल हसला नाही. "आजोबा पुण्याला जाऊ नयेत असं कुणाला वाटतं? रोज या शेडमध्ये कोण येऊन बसतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "गोरक्षबाबा!"

गोरक्षबाबांचा पाथर्डीकडे झेंडूचा आणि भाजीचा मळा होता. बाजार आटोपला की ते फटफटीवरून यायचे, गिलक्यांची नाहीतर भेंडीची पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि आजोबांचं काम बघत बसायचे. आजोबांना दुसरा मित्रच नव्हता.

"काय खलबतं चाललीत?" मागून राकेशकाकांचा आवाज आला.

"काका, आम्हाला चोर सापडलाय!" हर्षलच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे… बहुतेक. गोरक्षबाबा!"

"बहुतेक आहे ना अजून!" निकिताने त्याला चिमटा काढला. पण काकांचे डोळे बारीक झाले होते.

"असं आहे होय!" ते म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या शनिवारपर्यंत नवा रोटर आला. सकाळी आजोबांनी तो बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आजोबा डोळे मिटून आवाज ऐकत उभे राहिले.

"आज चोर येणार!" हर्षल म्हणाला. "दुपारी, सगळे झोपले की."

आमरसाचं जेवण झालं. घोरण्याचे आवाज येऊ लागताच तिघं शेडमध्ये शिरले. हर्षलने आईचा जुना फोन रंगाच्या डब्यांमध्ये उभा केला आणि व्हिडिओ सुरू केला. मग तिघं कोपऱ्यातल्या ताडपत्रीखाली घुसले. वर मे महिन्यातला तापलेला पत्रा!

"मी वितळतोय," राज पुटपुटला.

"वितळ, पण गुपचूप!"

इतक्यात शेडचं दार हळूच उघडलं. तिघांनी फटीला डोळे लावले.

आत आले ते आजोबा! पायात चपला नव्हत्या.

आजोबांनी आवाज न करता बॉनेट उचललं. डबीचे चाप काढले, रोटर बाहेर घेतला, त्यावरची धूळ फुंकली आणि तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला. झाकण पुन्हा घट्ट बसवलं. वर फडक्याने बोटांचे ठसेही पुसले.

हर्षलला वाटलं, आपल्याला दिसतंय ते खरं नाही. निकिताने त्याचा हात घट्ट धरला.

दारात फटफटी थांबली. गोरक्षबाबा पिशवी घेऊन आत आले आणि उघड्या बॉनेटकडे बघत राहिले.

"काढलंस का परत?"

"काढलं."

"आरं चिमाजी, किती दिस चालायचं हे? सरळ सांग की पोरांना, यायचं नाय म्हणून."

"दोनदा सांगितलं. हसले दोघं. म्हणाले, अण्णा, तिथे खाली बाग आहे, तुमच्या वयाचे लोक बाकांवर बसलेले असतात." आजोबांनी बॉनेट हलकेच लावलं. "मला नाही रे बसायचं बाकावर. पुण्यात अकराव्या मजल्यावर मी पान्हा कुठे ठेवू? हातांना काय काम देऊ?"

"मग सकाळी चालू तरी कशाला करतोस तिला? बंदच ठेवायची."

"बिघडलेली ठेवून जेवण जात नाही," आजोबा म्हणाले.

गोरक्षबाबा मोठ्याने हसले.

दोघं गेल्यावर तिघं ताडपत्रीखालून बाहेर आले.

"हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही," निकिता म्हणाली. "व्हिडिओ पुसून टाक."

"टाकतो," हर्षल म्हणाला. पण एवढा पक्का पुरावा त्याच्याच्याने पुसवेना. नंतर पुसू, असं म्हणून त्याने फोन खिशात घातला.

संध्याकाळी बाबा आले. किल्ली फिरली. घर्र… घर्र… आणि गप्प!

"पुरे झालं!" राकेशकाका गरजले. त्यांनी गोरक्षबाबांकडे बोट दाखवलं. "दादा, गाडी बिघडत नाहीये, बिघडवली जातेय. हे करतायत! मला पोरांनीच सांगितलं!"

हर्षल पुढे झाला. "काका, ते मी गेल्या आठवड्यात…"

"तू थांब! बोला गोरक्षबाबा, खोटं आहे का हे?"

गोरक्षबाबांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा खिशात हात घालून उभे होते.

"खरं हाय," गोरक्षबाबा शांतपणे म्हणाले. "मीच केलं. चिमाजी गेला तर चहा कुणाबरोबर प्यायचा म्हणून केलं."

"लाज नाही वाटत?" बाबांचा आवाज चढला. "आमच्या घरी येता, आमचा चहा पिता आणि चोऱ्या करता? या वयात? उद्यापासून या फाटकात पाय ठेवायचा नाही!"

गोरक्षबाबा वाकून चपला शोधू लागले. घाईत त्यांना एक सापडेना. राजने ती उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. राज रडत होता.

हर्षलने आजोबांकडे पाहिलं. बोला ना, आजोबा! आजोबा बोलत नव्हते. निकिताने हर्षलच्या पायावर पाय दिला आणि जोरात दाबला. गोरक्षबाबा फाटकाजवळ पोचले. त्यांची मान खाली होती.

"त्यांनी नाही केलं!" हर्षल ओरडला. "ते चोर नाहीत! माझ्याकडे पुरावा आहे!"

आणि त्याने फोन पुढे केला.

बाबांनी आणि काकांनी डोक्याला डोकं लावून व्हिडिओ पाहिला. त्यातला आजोबांचा आवाज शेडमध्ये पुन्हा घुमला. 'हातांना काय काम देऊ?' काकांनी मध्येच व्हिडिओ बंद केला.

आजोबांनी खिशातून रुमाल काढला. रोटर जागेवर बसवला, चाप लावले आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"वा रे पठ्ठे!" राकेशकाकांनी टाळ्या वाजवल्या. "काय डोकं आहे पोरांचं! अशी पोरं पोलिसांत हवीत!"

"शाब्बास हर्षल! शाब्बास निकिता! राज, तूसुद्धा!" बाबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "अण्णा, लहान मुलासारखं काय हे? बरं, जाऊ द्या. आम्ही रागावलो नाही. उद्याच निघू." मग ते फाटकाकडे वळले. "गोरक्षबाबा, गैरसमज झाला हं! या, चहा घ्या."

पण फाटकाबाहेर फटफटी केव्हाच सुरू झाली होती.

रात्री सगळ्यांसाठी आइस्क्रीम आलं. तिघांच्या वाट्याचं वितळून गेलं.

"कुणी केलं ते सगळ्यांनी विचारलं," निकिता म्हणाली. "का केलं ते ऐकूनही कुणी विचारलं नाही."

"मग मी काय करायला हवं होतं?" हर्षलने विचारलं. "सांग ना!"

निकिता वाट्या उचलून आत गेली.

सकाळी आजोबांनी सही केली. गोरक्षबाबा निरोपाला आले नाहीत. बाबा आपल्या गाडीतून पुढे निघाले आणि मागून फियाट. आजोबांच्या शेजारी हर्षल बसला, मागे निकिता. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं.

"आजोबा," शेवटी हर्षल म्हणाला, "तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"नाही." आजोबांची नजर रस्त्यावर होती. "मी गप्प उभा राहिलो होतो. माझा मित्र फाटकाबाहेर चालला होता आणि मी गप्प होतो. तू बोललास. चांगलं केलंस."

आजोबांनी अशी शाबासकी त्याला आजवर कधी दिली नव्हती. हर्षल खिडकीबाहेर बघू लागला.

चंदनापुरीचा घाट सुरू झाला. ऊन मी म्हणत होतं. वळणावर एक चकचकीत नवी गाडी बॉनेट उघडून उभी होती. पुढे आणखी एक टेम्पो, वाफा सोडत थांबलेला.

निकिता पुढच्या सीटला कपाळ टेकून पुटपुटत होती. "बंद पड गं. बंद पड. एकदाच बंद पड."

इंजिनाचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

"नाही पडायची ती," आजोबा म्हणाले. "काम मी केलंय."

आणि त्यांनी गिअर बदलून गाडी घाटावर चढवली.