खालची ओळ आधी

भुताखेतांना रात्रच लागते असं म्हणणाऱ्यानं सोलापूरचा मे महिना पाहिलेला नसतो. इथं दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पत्रे तापून कडकड वाजतात, कुत्री गटारीच्या ओलीला पडून असतात, आणि दार लावून घेतलेल्या घरात माणसाला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो. चनबसप्पांची गोष्ट अशाच एका दुपारची आहे.

चनबसप्पा चादरींचे ग्राफ काढायचे. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी, तिच्यावरून भोकं पाडलेली कार्डं, मग मागावर चादर. चाळीस वर्षं हेच केलं. चादर खालच्या काठापासून विणत वर जाते, म्हणून ग्राफही खालून वर वाचायचा, खालची ओळ आधी. ही सवय त्यांच्या डोळ्यांत इतकी मुरली होती की लग्नपत्रिकासुद्धा ते कार्यालयाच्या पत्त्यापासून सुरू करून देवाच्या नावापर्यंत चढत जायचे. "अप्पा, तुमी सगळं जग उलटं टांगलंय," असं अंकिता चिडवायची.

अंकिता त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात एका कंपनीत क्लाउडचं काम करायची. रोज एक वाजून वीस मिनिटांनी, जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "अप्पा, ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. या घरात कानडी आणि मराठी एका ताटात जेवायच्या, पण हा प्रश्न कधी मराठीत आला नाही. अप्पांच्या फोनवर झालेलं बोलणं आपोआप रेकॉर्ड होऊन साठायचं, आणि तिथून ते तिच्या क्लाउडवरच्या खात्यात जाईल अशी सोय तिनं करून ठेवली होती. "तुमचा फोन एक दिवस हौदात पडणार, मला माहिताय," ती म्हणायची. तसा तो पडलाही. पण त्याच्या आधीच, श्रावणात, पुण्याच्या रस्त्यावर ती गेली.

विभूती लावून तिला मातीत ठेवून आल्यापासून गंगम्मा दोन घासांवर उठायच्या. नवऱ्याला त्या एकच गोष्ट मागायच्या, तीही फार क्वचित. "एकदा तिचा आवाज ऐकवा की मला."

मंगळवारी शाइस्ताचा फोन आला. ही अंकिताच्या खोलीवरची मैत्रीण, मूळची सोलापूरचीच.

"काका, अंकिताचं खातं शनिवारी बंद होणार. मेल मला आलीय. तुमचं बोलणं त्यातच हाय ना?"

"हाय की. उघडायचं कसं?"

"वेबसाइटवरून नाही उघडणार. पासवर्ड तिलाच ठाऊक, आणि कोड तिच्या फोनवर यायचा." तो फोन तिच्याबरोबरच चिरडला होता, हे दोघांनाही माहीत होतं. "पण तिनं तुम्हाला एक वही दिलेली. त्यात कमांड लाइनची चावी असेल, पासवर्डशिवाय उघडणारी. ती मला सांगा, मी इथून सगळं उतरवून घेते."

वहीच्या पहिल्याच पानावर अंकितानं लिहून ठेवलं होतं की ही चावी कुणालाही सांगायची नाही, शाइस्तालासुद्धा नाही. मेलेल्या लेकीचा शब्द मोडायचा कसा? "मी करतो, पोरी," चनबसप्पा म्हणाले.

"बरं. पण शेवटचं एन्टर दाबायच्या आधी मला फोन करा, काका."

गुरुवारी सकाळी ते अंकिताच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसले. वहीत एकेक पायरी लिहिलेली होती. टूल उतरवून घ्या, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मग ती काळी खिडकी उघडा. त्या खिडकीत ना चित्र ना बटण. आपण एक ओळ लिहायची आणि तिकडून ओळींतच उत्तर यायचं. चनबसप्पांना ती आवडली. अवघं आयुष्य त्यांनी ओळींशीच काढलं होतं. चावीची लांबलचक अक्षरं त्यांनी एका बोटानं टाइप केली आणि ग्राफ तपासावा तशी दोनदा तपासली. मग यादी मागणारी कमांड दिली.

क्षणभर काही नाही. मग ओळी सरसरत आल्या. चारशे सदतीस. प्रत्येकीत तारीख, आणि वेळ एक वीसच्या आसपास.

"अगं, ये हिकडं."

गंगम्मा पदराला हात पुसत आल्या. "ह्यात कुटं हाय ती?"

"एकेका ओळीत एक दिवस हाय तिचा."

गंगम्मांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून उभ्या राहिल्या. बायको मागं उभी असताना फोन करत बसायला चनबसप्पांना धीर राहिला नाही. माणसाचं असंच होतं, नऊ महिने थांबतो आणि नऊ मिनिटं थांबवत नाही.

शेवटची कमांड वहीत एकाखाली एक लिहिलेली होती, कारण पान अरुंद. सर्वांत वर 'सिंक'. ते आधी लिहायचं, एवढं तिनं घोकवून घेतलं होतं. त्याखाली दोन पत्ते, वरचा क्लाउडचा आणि खालचा घरच्या रिकाम्या फोल्डरचा. आधी कुठून, मग कुठं. तळाशी 'डिलीट' आणि शेजारी तिच्या अक्षरात, 'म्हणजे दुसरीकडचं जास्तीचं पुसून दोन्हीकडं सारखं राहतं.' चनबसप्पांचा डोळा चाळीस वर्षांच्या वाटेनं गेला. खालची ओळ आधी. त्यांनी घरचा पत्ता पहिला लिहिला, क्लाउडचा दुसरा, आणि एन्टर दाबलं.

ओळी पुन्हा धावू लागल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला एकच शब्द होता, 'डिलीट', आणि तो त्यांना वाचता येत होता. तरी त्यांना वाटलं, कामाची रीत असेल. ओळी थांबल्यावर त्यांनी यादी मागितली. उत्तरात काहीच आलं नाही.

मग शाइस्ताला फोन लावला.

"काका... घरचा पत्ता आधी टाकलात?"

"व्हय."

"मग त्यानं क्लाउडच रिकामं करून टाकलं. तुमच्या फोल्डरसारखं."

"परत आणायचं कसं?"

"जुनं राखून ठेवायची सोय तिनं चालू केली नव्हती, काका..."

फोन ठेवून ते बायकोकडे वळले. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जमलं नाही. "गंगा, एकदा तिला मातीत ठिवून आलो. आज दुसऱ्यांदा ठिवली. माझ्या हातानं." एवढं बोलून हा थोराड गडी ढसाढसा रडला. गंगम्मा आत गेल्या, भाकरी थापली, ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

एक वाजता लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला. या पंख्याला एक खोड होती, तिसऱ्या फेऱ्याला टक् करायचा. ते टक् थांबलं आणि घर फारच गप्प झालं. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता, नेट मोबाइलचं होतं. बंद खोलीत कुठून तरी विभूतीचा वास येऊ लागला, आणि त्याच्या मागून ओल्या मातीचा. बाहेर त्रेचाळीस डिग्री होती.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून चनबसप्पांनी पुन्हा यादी मागितली.

एक ओळ आली.

तारीख आजची. वेळ एक वीस.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक बावीस झाले होते. या खेपेला त्यांनी वहीवर बोट ठेवून वरून खाली वाचलं, 'डिलीट' गाळलं, आणि ती एकच नोंद घरी उतरवली. मग ती लावली.

"अप्पा, ऊट आयता?"

गंगम्मांनी तोंडाला पदर लावला. थोडी खरखर झाली आणि मग चनबसप्पांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "अंकिता... मी सगळं पुसलं गं." हे वाक्य ते कधीही कुठल्या फोनवर बोलले नव्हते.

"असू दे अप्पा. खालची ओळ आधी वाचलात ना?" आणि तिचं ते ओळखीचं, नाकातून येणारं हसू.

गंगम्मा हसल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. रडत होत्या आणि हसत होत्या. "परत लावा की... परत लावा."

त्यांनी परत लावली. या वेळी गंगम्मा कान देऊन ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचं हसू ओसरलं.

"अवं..." त्या अगदी हळू म्हणाल्या, "तिच्या मागं ते काय वाजतंय?"

चनबसप्पांनी वर पाहिलं. पंखा बंद होता. लॅपटॉपमध्ये अंकिताच्या आवाजामागं पंखा फिरत होता, आणि तिसऱ्या फेऱ्याला टक् करत होता.

मग त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. ज्याच्या फोनवर बोलणं साठतं त्याचा आवाज जवळून येतो, घरातल्या सगळ्या आवाजांसकट. पलीकडच्याचा येतो तो बारीक, लांबून, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. इथं अंकिता जवळून बोलत होती, याच खोलीतून. लांबून येत होता तो आवाज त्यांचा होता; पलीकडचे ते होते.

नोंद अजून संपली नव्हती. हसू विरल्यावर नुसता पंखा वाजत राहिला, बराच वेळ. मग बापाला काळजी लागू नये म्हणून ती आवाज जसा मुद्दाम हलका करायची, तसा करून तिनं विचारलं,

"अप्पा... तिकडं जेवण नीट मिळतं ना हो तुमाला?"