यादीतला पाचवा फोन

"सही करणार नाही," खुर्चीत बसायच्या आधीच ती बाई म्हणाली. "हे आधीच सांगून ठेवते. नंतर तुम्हीही म्हणाल, कर गं बाई आणि हो मोकळी."

वहिनींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मानेनेच बसायला सांगितलं. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांचे दावे तपासून झाल्यावर वहिनींनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आपले भाऊजी, त्यांची गाडी चालवत, टिपणं घेत आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेत. भाऊजींनी ज्याच्यावर बोट ठेवलं तो सुटला समजा, असं वहिनी चारचौघांत म्हणत, आणि भाऊजींना ते मुकाट्याने ऐकून घ्यावं लागे.

बाई एका फर्निचरच्या कारखान्यात ड्रायव्हर होती. परवा दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी कारखान्याची गाडी मागच्या आवारात सुटली, फाटकापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वॉचमनला धडकली आणि खांबावर जाऊन थांबली. वॉचमनचा पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीत कोण होतं ते त्याने पाहिलं नाही. माणसं धावली तेव्हा गाडी बंद होती, दार सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?" वहिनींनी विचारलं.

"पॅकिंगच्या खोलीत, डबा खात. गाडी उभी असते तिथल्या भिंतीपलीकडेच. आईशी फोनवर बोलत होते. एकटीच होते, बाकीचे पुढच्या अंगणात जेवतात. कॉम्प्रेसरच्या घरघरीत मला धडक ऐकूसुद्धा आली नाही."

"मग आळ तुमच्यावर का?"

"गाडीच्या स्क्रीनवर माझा कॉल नोंदलेला आहे. एक वाजून बारा मिनिटांचा. ब्लूटूथवरून." तिचा आवाज चढला. "मालक सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, फोनवर बोलत गाडी चालवलीस, म्हाताऱ्याला उडवलंस आणि पळालीस. आज पाचच्या आत कबुलीवर सही करून नोकरी सोडायची, नाहीतर पोलीस. अठरा वर्षं गाडी चालवतेय, एक ओरखडा नाही. नोकरी गेली तर दुसरी बघेन हो. पण म्हाताऱ्याला तुडवून पळालेली बाई म्हणून मी जगणार नाही."

भाऊजींनी पेन थांबवलं. त्यांना ती बाई आवडली.

"त्या कॉलमध्ये काही विचित्र झालं?"

"मध्येच आवाज गेला. मी नुसती हॅलो हॅलो करत बसले. मिनिटभराने परत आला तर आई विचारते, काय गं आपटलं? आणि ते मघाचं टुंग टुंग काय होतं? तिला जरा कमी ऐकू येतं, मला वाटलं टीव्हीचं काही असेल. मालकांना सांगितलं तर म्हणाले, आई लेकीचीच बाजू घेणार."

"आणि परवा गाडीत काही नवीन केलं होतंत?"

"सकाळी माझा नवा फोन जोडला. गाडीत पाचच फोन बसतात. यादी भरलेली होती, म्हणून माझाच जुना फोन काढून टाकला. दुसऱ्याचं नाव कशाला काढू? मालक, मालकीणबाई, आधीचा ड्रायव्हर, आणि एक कसलेतरी आकडे-अक्षरं, नुसतं मॉडेलचं नाव. तो कोणाचा ते कळेना. म्हणून ऑफिसात विचारलं, हा फोन कोणाचा? तिथे मालकांचे जावई होते, मॅनेजर होते. दोघंही म्हणाले, आमचा नाही."

"यादीत तुमचं नाव कुठे आलं?"

"सगळ्यात खाली. माझा जुनाही तिथेच होता. नवं खालीच येतं. आणि गाडी चालू झाली की ती वरून सुरुवात करते. जो फोन आधी जवळ सापडेल त्याला धरते."

वहिनी उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

वाटेत वहिनींनी विचारलं, "आपल्या गाडीत तुमचा फोन जोडताना काय काय केलं होतंत?"

भाऊजींचा चेहरा पडला. तो विषय नाजूक होता. मागच्या महिन्यात त्यांच्या बायकोने फोनवर वहिनींच्या स्वयंपाकाबद्दल काढलेले उद्गार गाडीच्या चारही स्पीकरांतून वहिनींनी स्वतः ऐकले होते. "दोन्हीकडे एकच आकडा आला. गाडीत हो म्हटलं, फोनवरही हो म्हटलं. नंतर, तुम्हाला माहीतच आहे, त्याच दिवशी गाडीतून काढून टाकलं."

"गाडीतून काढलंत. फोनमधून?"

"फोनमध्ये गाडीचं नाव आहे अजून. राहिलं तसंच."

वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. भाऊजींना वाटलं, त्या अजून स्वयंपाकाचाच राग धरून आहेत.

मालकांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. टेबलावर त्यांचा फोन चार्जरला लावलेला होता आणि शेजारी कबुलीचा कागद, खाली सहीसाठी रेघ मारून तयार. मालक माणूस वाईट नव्हते, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"पुरावा आहे माझ्याकडे. फोटो आहे," ते म्हणाले. "माझा फोन वरच राहिला होता, म्हणून जावयांनी त्यांच्या फोनवर काढला. मॅनेजर सगळ्यात आधी पोचला होता. स्क्रीनवर कुठे जाऊन काय बघायचं ते त्यानेच दाखवलं, नाहीतर मला काय कळणार?"

वहिनींनी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. एकात एक वाजून बारा मिनिटांचा कॉल होता. दुसऱ्यात जोडलेल्या फोनांची यादी होती: मालक, मालकीणबाई, आधीचा ड्रायव्हर आणि ही बाई. वहिनींनी यादी बोटाने दोनदा मोजली.

"गाडीची किल्ली कुठे असते?"

"ऑफिसच्या भिंतीवर, खिळ्याला. तिथे हे दोघंच बसतात."

पहिले जावई आले. पायांवर पाय टाकून बसले आणि म्हणाले, "मी तुम्हाला उत्तर द्यायला बांधील नाही." भरधाव चालवल्याबद्दल त्यांचं लायसन सहा महिने जप्त झालं होतं, हे मालकांनीच ओशाळून सांगितलं. एक वाजता आपण वर शोरूममधल्या सोफ्यावर झोपलो होतो, असं जावई म्हणाले. तिथे त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

"तुमचा फोन गाडीला जोडलेला होता?"

"मी या डबड्यात बसत नाही. मॅनेजरना विचारा, त्यांना गाडीची फार ओढ. नवी शाखा हवी आहे ना. पण सासरेबुवांनी स्पष्ट सांगितलंय, रोज जाऊन-येऊन करायचं, तर स्वतः गाडी चालवणाऱ्यालाच शाखा मिळेल."

भाऊजींनी वहीत जावयांच्या नावाखाली जाड रेघ ओढली.

मॅनेजर आले ते हात जोडूनच. कबुलीचा मसुदा त्यांनीच लिहिला होता. "बाईंचं भलंच व्हावं म्हणून हो. पोलिसात गेलं की आयुष्य वाया. मी आपला स्कूटरवाला. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, हातसुद्धा लावलेला नाही कधी."

"एक वाजता कुठे होता?"

"ऑफिसातच जेवत होतो. आवाज ऐकला आणि धावलो."

वहिनींनी त्यांचे आभार मानले आणि भाऊजींना खाली गाडीत जाऊन बसायला सांगितलं. सोबत आणलेल्या बाईला पॅकिंगच्या खोलीत पाठवलं. आईला फोन लाव आणि बोलत राहा, एवढीच सूचना. पुढचा बंपर चेपला होता, पण गाडी चालू होत होती. वहिनी गाडीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

भाऊजींनी किल्ली फिरवली. पट्टा लावला नव्हता म्हणून गाडी टुंग टुंग करू लागली. अर्धं मिनिट गेलं. वहिनी आपल्याला इथे कशाला बसवून ठेवतायत, असा विचार भाऊजी करत होते, तेवढ्यात कानाशी एक म्हातारी कडाडली, "अगं ऐकतेस ना? का परत गेला आवाज?"

भाऊजी सीटवरून उडाले. पाय दाणकन खाली गेला आणि गाडी जागच्या जागी गरजली. नशीब, गियर टाकलेला नव्हता.

"कोण बोलतंय ते?" म्हातारी म्हणाली. "ते टुंग टुंग परत वाजतंय."

वहिनींनी आत हात घालून गाडी बंद केली. "चला वर," त्या म्हणाल्या. "पाचला वीस मिनिटं आहेत."

मालकांच्या खोलीत सगळे जमले. बाई खुर्ची असूनही उभी राहिली.

"कॉल गाडीत नोंदला गेला, म्हणून बाई गाडीत होत्या, असं तुम्ही धरून चाललात," वहिनी मालकांना म्हणाल्या. "गाडीला माणूस दिसत नाही, फोन सापडतो, आणि तो भिंतीपलीकडूनही सापडतो. गाडी चालू झाली तशी तिने बाईंचा कॉल ओढून घेतला. बाईंना आई ऐकू येईना, आईला बाई ऐकू येईनात. आईला काय ऐकू आलं? पट्टा न लावल्याची टुंग टुंग, आणि धडक. बाई स्वतः गाडीत असत्या तर त्यांचं हॅलो आईला ऐकू गेलं असतं. आई कमी ऐकते, खोटं ऐकत नाही."

"मग गाडीत कोण होतं?" मालकांनी विचारलं.

"परवा सकाळी यादीत पाच नावं होती. दुपारच्या फोटोत चार आहेत. बाईंनी ऑफिसात विचारलं, हा फोन कोणाचा. तो फोन कोणाचा हे मालकांना कळलं तर आपलं बिंग फुटेल, असं ज्याला वाटलं, तो जेवणाच्या सुट्टीत खाली गेला आणि त्याने आपलं नाव पुसलं. तिथेच तो फसला. रोज गाडीला त्याचा फोन बाईंच्या वर सापडायचा, त्यामुळे ती खाली बघतच नव्हती. वरचं नाव गेलं, तशी ती पुढचा फोन शोधायला लागली. मालकांचा फोन तिसऱ्या मजल्यावर, मालकीणबाई घरी. सापडला तो भिंतीपलीकडचा, बोलता फोन."

भाऊजी जावयांकडे टक लावून बघत होते.

"तेवढ्यात या गृहस्थांनी नेहमीसारखी आवारात एक फेरी मारायला गाडी पुढे काढली होती. कानाशी म्हातारी ओरडली. मुरलेला चालक दचकतो, पण त्याचा पाय ब्रेकवर जातो. आमच्या भाऊजींचा गेला नाही, कारण ते तीस वर्षं चालवूनही मुरलेले नाहीत." भाऊजी खाली बघू लागले. "आणि शिकाऊ माणसाचा तर जाणारच नाही. गाडीतून नाव पुसता येतं. पण फोनमध्ये गाडीचं नाव वेगळं राहतं, ते वेगळं पुसावं लागतं. सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवा."

"माझा आधी बघा," बाईने फोन ठेवला.

जावयांनी नाक मुरडत आपला फोन उघडून सरकवला. त्यात गाडीचं नाव नव्हतं. मॅनेजरांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"काढा," मालक म्हणाले.

यादीत गाडीचं नाव होतं.

"जो माणूस म्हणतो मला ओ की ठो कळत नाही, त्याला कॉलची नोंद स्क्रीनवर कुठे असते ते बरोबर माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

"दोन महिने शिकतोय," मॅनेजर पुटपुटले. "फोनवरचे धडे गाडीत मोठ्याने ऐकत. दुपारी आवार रिकामं असतं. वॉचमन नेहमी पुढे जेवायला जातात, परवाच तिथे होते. मला पळायचं नव्हतं. पण ती नोंद दिसली आणि..."

"आणि मी दिसले," बाई म्हणाली.

मालकांनी कबुलीचा कागद बाजूला सारला. "पोलिसांचं मी बघतो. बाई, झालं गेलं विसरून जा. उद्यापासून कामावर या. पगारही वाढवतो."

"पगाराचं नंतर. तुम्ही मला कुठे बोललात?"

"खाली. पॅकिंगपाशी."

"किती माणसं होती?"

मालक टेबलावरची चार्जरची वायर सारखी करू लागले.

"तीस होती. मी एकेकाचं तोंड बघत होते. चला खाली. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा. नंतर दवाखान्यात, वॉचमनकाकांसमोर. मग मी ठरवेन, उद्या यायचं की नाही."

"अहो, मी सांगतोय ना इथे..."

"इथे मला माहीतच आहे."

मालकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी भाऊजींच्या वहीतली जाड रेघ खोडण्यात गुंतल्या होत्या. शेवटी मालक उठले.

खाली कामं थांबवली गेली. माणसं हात पुसत जमली. मालक जमिनीकडे बघत भराभर म्हणाले की परवा चूक झाली, गाडी बाईंनी चालवलेली नव्हती, त्या पळालेल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर ते जिन्याकडे वळले.

"साहेब," बाई म्हणाली, "मागच्यांना ऐकू आलं नाही. परत सांगा."

मालक थांबले. मग मान वर करून त्यांनी परत सांगितलं, मोठ्याने, अगदी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.