केबिनमागचा पत्रा

कंदील जरा बारीक कर रे, डोळ्यावर येतोय. आणि ज्याला घरी जायचंय त्यानं आत्ताच उठावं. मध्येच कुणी सोबत मागितली तर मी जागचा हलणार नाही. भोसरीत आळंदी रस्त्याला तो ज्योतीराम राहतो ना, त्याची ही हकिगत. तीन वर्षं झाली. तेव्हा तो लॉरीवर ड्रायव्हर होता, आता एका लाकडाच्या वखारीत काम करतो. खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा. सांगेल तो. फक्त त्याच्या पाठीमागे उभं राहून काही वाजवू नका.

छप्पन साल, वैशाखातला बुधवार. अमावास्या नव्हती की ग्रहण नव्हतं, उगीच मीठमसाला लावणार नाही मी. रात्री जेवणं उरकल्यावर लॉरीचे मालक लक्ष्मणराव यांनी ज्योतीरामला बोलावून घेतलं.

"चाकणला सकाळी कांद्याच्या गोणी भरायच्यात. रिकामी लॉरी आत्ताच नेऊन लाव, म्हंजी पयला नंबर लागंल."

"पहाटं निघतो की, मालक."

"पहाटं तिथं उभं ऱ्हायला जागा मिळत न्हाई. आन् किती दिस टाळणार हाइस तो रस्ता?"

ज्योतीरामनं किल्ली उचलली. भोसरीहून चाकणला जायचं म्हणजे मोशीवरून जावं लागतं, आणि मोशीची खेप निघाली की गेले तीन महिने याचं कधी पोट दुखायचं, कधी डोळे यायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. उघड कुणी बोलत नव्हतं एवढंच.

झालं होतं काय, की माघ महिन्यात पिंपरीला एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. त्याला लागणारी वाळू मोशीजवळ इंद्रायणीच्या पात्रातून यायची. लॉरी भरली की पलीकडे उतरवून घ्यायला मजूर त्याच वाळूवर बसून यायचे. आता ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. म्हणून मागच्या हौद्यात बसलेल्या माणसानं केबिनमागचा पत्रा हातानं वाजवायचा. एकदा वाजवला की थांब, दोनदा वाजवला की चल. ही रीत तुम्हांला कुणी शिकवली होती का? नाही ना? पहिल्या दिवशी लॉरीत बसलेल्यालाही ती कळते.

त्या दिवशी शेवटच्या खेपेला वाळूवर दोघंच होती. नगरकडून आलेला, अंगानं भरलेला दत्तोबा आणि त्याची बायको गोजाबाई. मोशी सोडून मैलभर गेल्यावर ओढ्यावरच्या एका मोरीपाशी चाक खड्ड्यात आदळलं आणि दत्तोबा वाळूवरून खाली फेकला गेला. ज्योतीरामला ते दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. पण पत्रा वाजला. एकदा. मग पुन्हा. मग नुसता वाजतच राहिला.

ज्योतीरामला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. त्याच्या मनात आलं, कुणाचं मुंडासं उडालं असेल, नाहीतर कुणाला लघवीला उतरायचं असेल. चिंचवडला तंबूत सिनेमा आला होता आणि त्या दिवशी शेवटचा खेळ होता. वाळू टाकायची, हातपाय धुवायचे आणि पळायचं, असा त्याचा हिशेब. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. चार मैल पत्रा वाजत होता आणि चार मैल हा लॉरी हाणत होता.

पिंपरीच्या फाटकापाशी लॉरी थांबली तेव्हा गोजाबाई वरून खाली आली नाही, पडलीच. दोन्ही हात लोंबत होते. तिला बोलता येईना, ती नुसती आल्या वाटेकडे धावत सुटली. माणसं परत गेली तेव्हा दत्तोबा मोरीपासून पंधरा-वीस हातांवर सापडला. लॉरी गेली त्या दिशेनं सरपटत आला होता. अंगात अजून ऊब होती, जीव नव्हता.

पंचनाम्याला जमादारानं विचारलं, "बाई म्हणते पत्रा वाजवला. थांबला का नाहीस?"

ज्योतीराम म्हणाला, "साहेब, पत्राच खडखडतो लॉरीचा. वाजवलं तरी आत काय कळत न्हाई."

धादांत खोटं. वर्षभराची लॉरी होती, तिचा एक स्क्रू ढिला नव्हता. गोजाबाई चार हातांवर उभी राहून ऐकत होती. तिनं फक्त त्याच्याकडे बघितलं. जमादारानं लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं.

मिटलं ते कागदावर. गोजाबाईच्या सासूनं, सुभद्राबाईनं, नदीकाठच्या मजुरांच्या वस्तीत सुनेचं जिणं हराम केलं. "जोर लावून वाजवला असतास तर थांबली असती गाडी. माझा ल्योक पडला आन् तू दगडावानी बसून ऱ्हायलीस!" दुसऱ्या बायकाही तिच्याशी बोलेनाशा झाल्या. हे सगळं चहाच्या दुकानात ज्योतीरामच्या कानावर आलं. त्यानं मान खाली घातली आणि बशीतला चहा संपवला. एक शब्द बोलला असता तर त्या बाईच्या कपाळावरचा डाग गेला असता. पण तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

आणि आठव्या दिवशी लॉरी खडखडायला लागली.

पाठीमागेच कुठेतरी. बारीक, पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखं. ज्योतीरामनं आधी जॅक आणि पाने गोणपाटात गुंडाळले. मग हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या साखळ्या सुतळीनं बांधल्या. आवाज तसाच. मग चिंचवडचा मारुतराव मिस्त्री धरला. मिस्त्रीनं मडगार्ड आवळलं, बॉनेटखाली रबर घातलं, सायलेन्सर उतरवून पुन्हा बसवला, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट कसले. शेवटी केबिनमागच्या पत्र्याला चार नवे रिबीट मारले आणि स्वतः ज्योतीरामशेजारी बसून आकुर्डीपर्यंत जाऊन आला.

"कुठाय आवाज?" मिस्त्री म्हणाला. "शिवणयंत्रावानी चाललीया गाडी."

"आत्ता वाजतंय की! ऐका की मिस्त्री!"

मिस्त्रीनं कान दिला. मग ज्योतीरामच्या तोंडाकडे बघितलं. "भावा, दोन दिस घरी झोप काढ," एवढं म्हणून तो हात पुसत उतरला. त्यानंतर ज्योतीरामनं कुणाला विचारलं नाही. आवाज फक्त आपल्यालाच येतो, हे कळल्यावर माणूस कुणाला विचारणार?

तर त्या बुधवारी रात्री पावणेदहाला तो निघाला. एकटाच. हौदा झाडून लख्ख केलेला, आत दोरीचा तुकडासुद्धा नाही. भोसरी मागे पडली. दिवे संपले. तेव्हा त्या रस्त्याला चिटपाखरू नसायचं. दोन्ही बाजूंना माळ आणि मधून लॉरीच्या दिव्यांचा पिवळा पट्टा.

भोसरीची शेवटची घरं गेली आणि खडखड सुरू झाली.

त्यानं लॉरी कडेला घेतली. बॅटरी घेऊन उतरला. साखळ्या बघितल्या, फाळका हलवून बघितला, खाली वाकून सायलेन्सर बघितला. सगळं गप्प. पुन्हा चढला, गिअर टाकला.

खडखड.

आज ती वाढत होती. त्यानं एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसरा मागे नेऊन पत्र्यावर टेकवला. पत्रा तळहाताखाली हलत होता. इंजिनाच्या लयीत नाही. पलीकडून कुणीतरी... त्यानं हात चटकन काढून घेतला.

मग खडखड थांबली.

आणि पत्रा वाजला. एकदा.

ज्योतीरामच्या पाठीला घाम फुटला. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला... तोच पाय, तसाच. लॉरी उधळली. पत्रा पुन्हा वाजला. एकदा. थोडा वेळ गेला. पुन्हा, एकदा. चिडून नाही, घाई करून नाही. थकलेल्या माणसानं वाजवावं तसा. समोर मोरीचे पांढरे दगड दिसले आणि ज्योतीरामला रडू कोसळलं. "थांबतो... थांबतो गं बाई," असं तो मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं ब्रेक दाबला.

लॉरी उभी राहिली. इंजिन चालू.

काही नाही.

मग मागचे पाटे करकरले. लॉरी एका अंगाला कलली, आणि हळूच बसली. भरल्या अंगाचा माणूस हौद्यात चढला की बसते... तेवढीच.

मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. केबिनच्या मागच्या खिडकीला काच होती. त्यानं बघितलं नाही.

पत्रा वाजला.

एकदा...

दोनदा.

ज्योतीरामनं पहिला गिअर टाकला. सावकाश. एकेक खड्डा चुकवत. मैलभर रस्ता त्यानं असा काढला की मांडीवर पाण्याची वाटी ठेवली असती तरी सांडली नसती. खडखड नाही. कसलाच आवाज नाही. तो नुसता रडत होता आणि लॉरी चालवत होता.

मोशीच्या पुढे, नदीच्या अलीकडे, मजुरांच्या झोपड्या. तिथं पत्रा वाजला. एकदा.

तो थांबला. पाटे करकरले. लॉरी बोटभर वर उठली.

...

बऱ्याच वेळानं त्यानं इंजिन बंद केलं. उतरला. तो सरळ सुभद्राबाईच्या झोपडीपाशी गेला आणि त्यानं हाक मारली. म्हातारी पेटती चिमणी घेऊन बाहेर आली. त्याला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तू? आन् या वक्ताला?"

"आत्याबाई, मला ऐकू आलं व्हतं," ज्योतीराम म्हणाला. त्याला दम लागला होता. "तुमच्या सुनंनं पत्रा वाजवला. पिंपरीपत्तुर वाजवला. पयल्यापास्नं मला ऐकू आलं. मला शिनेमाला जायचं व्हतं, म्हून म्या थांबलो न्हाई. जमादाराला खोटं सांगितलं. तिचा काय बी दोष न्हाई. सगळा माझा हाय."

म्हातारीनं चिमणी जमिनीवर ठेवली. मग ती मटकन खाली बसली.

"आन् मी हिला... तीन महिनं..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गोजाबाई दारात येऊन उभी राहिली होती. झोपेतून उठल्यासारखी. हात पदरात गुंडाळलेले. तिनं सगळं ऐकलं होतं. सासूनं बसल्या जागेवरून तिला खाली ओढलं आणि तिचे हात आपल्या हातात घेतले. आणि म्हातारी किंचाळली.

"आगं, ह्ये काय? सांजच्यापास्नं माझ्या कुशीला निजलीस की गं तू!"

ज्योतीराम वाकला. चिमणी त्यानं जवळ धरली. गोजाबाईचे दोन्ही तळवे सुजून टम्म झाले होते. कातडी फाटली होती, रक्त अजून ओलं होतं. आणि उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या खाली, त्याच्या लॉरीच्या हिरव्या रंगाची नखाएवढी खपली रुतून बसली होती.