उतारावरचा वाळा

“डुकरांचंच काम हे!” आजा म्हणाले आणि कुदळ खांद्यावर टाकून निघून गेले.

अश्निता मात्र तिथेच उकिडवी बसून राहिली. उतारावर उसाच्या मधून आडवी लावलेली वाळ्याच्या गवताची रांग मध्येच तुटली होती. जिथे कमरेएवढे गच्च ठोंब होते, तिथे आता नुसते लाल खड्डे!

“डुकरं?” वाईसाके खड्ड्यात हात घालून म्हणाला. “डुक्कर मुळं खातं नि पाला विस्कटून जातं. इथे मुळं नाहीत, पालाही नाही. फारच टापटिपीची डुकरं दिसतात तुमची!”

“आणि फावडं चालवतात!” त्याची धाकटी बहीण सेरा ओरडली. खड्ड्याची कड केक कापावा तशी सरळ होती.

अश्निताला हसू आलं. सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच. ही दोघं नदीकाठच्या गावातून चढण चढून आली की तिला बरं वाटे. पण ती दोघं रोज कुठली येणार? शेजारची घरं बंद होती. माणसं सिडनीला गेली ती गेलीच. आईबाबा ऑकलंडला कामाला. घरात ती आणि आजा. आणि आजा दिवसभरात जेवढं बोलत, त्याहून जास्त तर कोंबड्या बोलत!

“हा वाळा गेला तर काय होईल, ठाऊक आहे ना?” तिने शेजारच्या भोलाकाकांच्या उताराकडे बोट दाखवलं. पूर्वी तिथेही ऊस होता. दर पावसात माती नदीत गेली आणि आता दगड तेवढे उरले होते. ते पाहूनच आजांनी वाळा लावला होता, पाचट जाळायचं सोडून सरीत अंथरलं होतं. पाणी वाळ्याला अडे, माती जागच्या जागी राही. आता पाऊस तोंडावर आला होता आणि रांगेला भगदाड पडलं होतं.

“आधी कधी गेले होते ठोंब?” वाईसाकेने विचारलं.

“आम्ही रामायणाच्या पाठाला गेलो होतो तेव्हा. मग शहरात, लंबासाच्या बाजारात गेलो तेव्हा. आणि काल देवळात गेलो तेव्हा.”

“म्हणजे तुम्ही घरी नसता तेव्हाच! चोराला कसं कळतं? तू कुणाला सांगतेस?”

“कुणाला सांगणार? इथे आहे कोण?”

बोलता बोलता ती थांबली. एक जण होता. ऊस साखरेच्या गिरणीत नेणारा लॉरीवाला कमलेशकाका. वळणावर पाणी प्यायला थांबायचा, लॉरीच्या दारावर हात ठेवून तिचं सगळं ऐकून घ्यायचा. शाळेचं, आईचं, आज कुठे गेलो, उद्या कुठे जाणार... सगळं.

“काका नसेल,” ती पुटपुटली.

“नसेल तर छानच! खात्री करून घेऊ,” वाईसाके म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या देताना तिने काकाच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. “काका, उद्या आजांना डॉक्टरकडे न्यायचंय. दिवसभर घर बंद.”

“अरेरे! जपून जा हं,” म्हणत त्याने तिच्या हातात शेंगदाण्यांची पुडी ठेवली. ती तिने उघडलीच नाही.

ठरल्याप्रमाणे तिघं उसात दडून बसली. पानं गालांना कापत होती. लांबून लॉरी आली. ‘सरळ जा, काका,’ अश्निता मनात म्हणत होती. ‘सरळ जा.’

लॉरी थांबली.

कमलेशकाका फावडं घेऊन खाली उतरला. सेरा वाकून घराकडे पळाली. वाईसाके मांजरासारखा लॉरीपाशी गेला आणि क्षणात परतला. पोती भरून काका लॉरीत चढला नि लगेच खाली उतरला.

“अरे, चावी कुठे गेली?”

“डुकरांनी नेली!” उसातून वाईसाके ओरडला.

अश्निता उठून उभी राहिली. काकाचा चेहरा पडला.

“अगं, गवतच तर आहे! किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या बागेला हवं होतं. पुन्हा उगवेल की!”

तेवढ्यात सेरा आजांना आणि त्यांच्याकडे आलेल्या आपल्या वडिलांना घेऊन आली. आजा चिडले नाहीत. काकाचा दंड धरून त्यांनी त्याला भोलाकाकांच्या दगडांवर नेऊन उभं केलं.

“भोलाही म्हणायचा, मातीच तर आहे.”

काकाने मान खाली घातली. “आणतो परत. सगळे ठोंब लावून देतो.”

“शाब्बास रे पोरांनो!” सेराचे वडील म्हणाले. “आम्ही म्हातारे बसलो असतो डुकरांना शिव्या देत!”

आजांनी अश्निताच्या डोक्यावर हात ठेवला. “शेत राखलंस, पोरी.” तो हात बराच वेळ तिथेच होता.

रविवारी सगळे लावणीला आले. वाईसाके आणि सेरा वरच्या टोकाला चिखलात भांडत होती. खाली कमलेशकाका खड्डा करी, अश्निता ठोंब ठेवी.

“बोल ना काहीतरी,” काका हळूच म्हणाला. “रागावलीस?”

सांगायला खूप होतं. दिवाळीला येणार नाही, असा आईचा काल फोन आला होता. ते अजून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“काही नाही, काका,” ती म्हणाली, आणि टाचेने ठोंबाभोवतीची माती दाबत राहिली.