मागचं डावं दार

गाडी घेतली तेव्हापासूनच तिच्या चारही काचा वाजत होत्या. काच पूर्ण वर असली की आवाज कमी, अर्धी उतरवली की जास्त. "बावीस वर्षांची झालीय बिचारी," नवरा म्हणायचा, "गुडघे वाजणारच." त्याने पुठ्ठ्याच्या घड्या करून फटींत खोचल्या. त्या आठवडाभरात आत पडल्या आणि मग काचांबरोबर पुठ्ठाही वाजू लागला.

मला त्या आवाजाचा त्रास नव्हता, कारण टिल्ली त्यातच झोपायची. टिल्ली म्हणजे आमची मुलगी, तेव्हा दहा महिन्यांची. वजनाच्या तक्त्यात ती जन्मापासून सगळ्यात खालच्या रेघेला चिकटून होती. माझं दूध तिसऱ्या महिन्यातच आटलं. त्यानंतर मी एक वही केली: किती वाजता, किती मिलिलिटर, किती चमचे आत गेले, किती बाहेर आले. त्यात माझी पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची. बाटल्या उकळण्याचा जेवढा वेडेपणा शक्य आहे तेवढा मी करत होते. "प्रयोगशाळा बंद झाली असेल तर जेवायला ये," असं नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचा.

दुपारी टिल्ली घरात झोपत नसे. मग मी तिला मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, तिच्या खुर्चीत बांधायची आणि पाऊण तास उगाच रस्ते पालथे घालायची.

दोन आठवडे असे गेले आणि मग वहीतले आकडे घसरायला लागले. नव्वद मिलिलिटर. साठ. वीस. चमचा दिसला की ती तोंड फिरवायची. पण रडत नव्हती. डायपर मात्र जड. धास्तावून मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर काटा सहाशे ग्रॅमनी वर गेलेला.

"अहो, मुलगी छान भरतेय," त्या म्हणाल्या. "ती वही आता कपाटात ठेवा बघू."

"पण ती काहीच घेत नाहीये."

"मग काय हवेवर वाढतेय?" त्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबले असताना मागून गिळल्याचा आवाज आला. घट्ट, समाधानी, एकामागून एक घोट. मी आरशात बघितलं. टिल्ली खुर्चीतून जमेल तेवढी कलली होती आणि काचेच्या मुळाशी ओठासारखी जी रबरी पट्टी असते, तिला तोंड लावून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. एक हात दाराच्या पत्र्यावर पसरलेला.

गाडी बाजूला घेऊन मी तिला ओढलं. तिच्या ओठापासून पट्टीपर्यंत पांढरट लाळेची तार लांबली आणि तुटली. तिच्या तोंडाला वास येत होता. झाकण लावून विसरलेल्या बाटलीचा, आंबूस, त्यात ओल्या कापडाचा. मी तिचं तोंड पुसलं, जीभ पुसली, ती किंचाळेपर्यंत पुसत राहिले. मग पट्टीला बोट लावून पाहिलं. बुळबुळीत आणि गरम होती. बाहेर कडक ऊन होतं, म्हणून गरम असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण ते दार सावलीकडचं होतं.

घरी येऊन मी ती पट्टी जंतुनाशकाने तीनदा धुतली. सकाळी ती पुन्हा ओली होती.

"आत पावसाचं पाणी साचलं असेल," नवरा म्हणाला. "नाहीतरी त्या काचा करायच्याच आहेत. दे गॅरेजला."

"आणि ती पीत होती त्याचं काय?"

"लहान पोरं काय चोखत नाहीत? परवा माझी चप्पल चघळत होती."

गॅरेजवाले काका गोलमटोल, बोलके गृहस्थ. त्यांनी चारही काचा अंगठ्याने हलवून पाहिल्या. "ताई, काचेला धरायलाच कोणी राहिलं नाही. दाराच्या आत अशी एक खाच असते, तिच्यात फेल्टची पट्टी बसवलेली असते, लवेच्या कापडासारखी. काच तिच्यातून वरखाली होते. पट्टी झिजली की काच मोकाट. जुन्या काढू, नव्या बसवू. तासाभराचं काम."

टिल्लीला मांडीवर घेऊन मी समोरच्या बाकावर बसले. काकांनी पहिली तीन दारं उघडली. आतलं आवरण काढलं की धूळ, गंजलेला एखादा स्क्रू, नवऱ्याचे पुठ्ठे, आणि हात लावला की भुगा होणारं करडं फेल्ट. प्रत्येक दाराच्या जुन्या पट्ट्या त्यांनी तारेने बांधून भिंतीच्या खिळ्याला अडकवल्या.

"टाकत का नाही?" मी विचारलं.

"माझी पद्धत आहे," ते हसले. "गिऱ्हाइकाने आठवडाभर गाडी चालवली, तक्रार नाही, की मग टाकायचं. नवं प्रत्येकाला मानवतंच असं नाही."

मग ते मागच्या डाव्या दाराकडे वळले. आवरण निघेना. निघालं तेव्हा ओली पट्टी जखमेवरून सोडवताना येतो तसा आवाज आला. आत लावलेला प्लास्टिकचा कागद आतल्या बाजूने वाफारलेला होता. तो बाजूला करताच वास सगळ्या गॅरेजभर पसरला. काकांनी तोंड खांद्यात खुपसलं.

या दारातलं फेल्ट झिजलेलं नव्हतं. ते फुगलं होतं. बोटाएवढं जाड, फिकट गुलाबी, आणि त्यावर घामासारखे थेंब. काकांनी दाराच्या तळाची, पाणी निघून जायची भोकं तारेने मोकळी केली. आधी काळपट गाळ पडला. मग दाट, पिवळसर पांढरं काहीतरी बारीक धारेने खाली येऊ लागलं. वर साय होती. फरशीवर पडलं तिथून वाफ निघाली.

"ताई, गाडीत कधी दूध सांडलं होतं?"

"नाही."

टिल्लीला ते दिसलं आणि तिने माझ्या मांडीवरून हात लांबवून भोकाड पसरलं. त्याच क्षणी धार जाड झाली.

मूल रडलं की आईला पान्हा फुटतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मला तो कधी फुटला नव्हता.

"काढा ते," मी म्हणाले. "सगळं काढा. खरवडून काढा."

काकांनी पक्कडीने पट्टी ओढली. ती एकदम सुटली नाही, ताणली गेली. नंतर त्यांनी दोनदा पेट्रोलने आणि एकदा साबणाने हात धुतले. पट्टी मात्र टाकली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती बाहेरच्या खिळ्याला अडकवली. "पद्धत म्हणजे पद्धत," ते म्हणाले, पण आधीसारखे हसले नाहीत.

गाडी आता अशी चालत होती की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. एकही काच हलत नव्हती. दार कोरडं, नव्या फेल्टचा वास.

टिल्ली त्या दुपारी झोपली नाही. खुर्चीतून कलून तिने रबरी पट्टीला तोंड लावलं, थांबली, जागा बदलून पुन्हा लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. काही चोरलंय कोणीतरी, आणि ते कोणी हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी वहीत शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. बाटली, वाटी, चमचा, पिळलेला कापूस, बोट. जे आत घातलं ते बाहेर आलं. मी तिला छातीशीसुद्धा धरलं, सात महिन्यांनी. तिने हुंगलं आणि मान फिरवली. डायपर सकाळी बांधलेला संध्याकाळी कोरडा. टाळूवरचा मऊ खड्डा आत गेला.

"उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात घेऊन या," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं. "सलाईन लावू. नाकातून नळी घालावी लागेल."

सकाळी नवरा कामावरून परस्पर दवाखान्यात येणार होता. मी टिल्लीला खुर्चीत बांधलं. ती रडतही नव्हती. जीभ कोरडी, पांढरी, ओठांवर फिरत होती.

दवाखान्याकडे उजवीकडे वळायचं होतं. मी सरळ गेले.

काका शटर वर करत होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "ते न्यायला आलात ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी खिळ्यांकडे बोट दाखवलं. बाकीच्या तीन दारांच्या पट्ट्या वाळून काटक्या झाल्या होत्या. पिशवी मात्र खाली लोंबत होती, तळाशी साचलेल्या वजनाने. "सुकतच नाही ते. काल दुपारी मी ती रिकामी केली, ताई. काल दुपारी." त्यांनी टिल्लीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आवरण मी खोलून देतो. पण त्याला हात नाही लावणार. रागावू नका."

फोन वाजला. नवरा. "निघालीस का?"

"निघाले."

"काही घेतलं तिने?"

"बघते," म्हणून मी फोन ठेवला.

नवं फेल्ट काकांनी उपसून दिलं. पिशवीची गाठ मला सोडायची होती. वास नाकात नाही, थेट जिभेवर आला. मी तोंडाने श्वास घेतला, तर तो चवीसारखा लागला. मी हातमोजे आणले होते. ते बुळबुळले आणि पट्टी निसटली. मोजे काढून टाकले.

ती गरम होती. अंगाएवढी गरम.

मी तिला खाचेत दाबत गेले, तळापासून वरपर्यंत, आणि प्रत्येक वितीला मला उलटी आली आणि मी ती गिळली. डिंक लागला नाही. ती स्वतःच फुगून बसली.

मागे टिल्ली रडली. एकदाच, बारीक.

माझ्या बोटांमधून ओघळ मनगटापर्यंत आला.

काकांनी आवरण लावलं, स्क्रू पिळले आणि आत निघून गेले. मी कुडत्याला हात पुसले. गाडीत, तिच्या शेजारी बसले. दार ओढून घेतलं. दवाखाना दहा मिनिटांवर होता. मी तिच्या खुर्चीचा पट्टा सैल केला.

ती कलली.

पहिला घोट ऐकू आला. मग दुसरा. तिच्या मुठी उलगडल्या.

मी दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर पाहू लागले, कोणी बाई मुलाला पाजत असली की आपण बघतो तसं.

बऱ्याच वेळाने घोट थांबले. दाराच्या आतून, पत्र्याला अगदी लागून, कोणीतरी पाठ थोपटावी तसा आवाज येऊ लागला. हलका, संथ, घाई नसलेला. टिल्लीने ढेकर दिली.