झाडांमधलं अंतर

माणसांची साक्ष कोर्टाने मोडीत काढली, त्याला सतरा वर्षं झाली होती. कागद खोटे करता येतात, म्हातारे पढवता येतात. म्हणून जंगलात कोण कधीपासून राहतं, हे आता झाडं सांगत. ती ज्याला सांगत, त्या यंत्राचं नाव अंतरवाचक.

आणि अंतरवाचकाचं म्हणणं होतं, की सोमारी कोवेच्या टोल्यावर, जंगलातल्या त्या लहानशा वस्तीवर, माणूस कधी नव्हताच. आठ दिवसांत सगळा टोला उठवला जाणार होता.

"आमची घरं दिसत नाई का त्याले?" सोमारीने विचारलं.

"घरं बांबूची, मावशी. कालची की शंभर वर्षांची, त्याला कळत नाही." अंतरवाचक घेऊन आलेल्या डॉ. ऋजुता केंडे त्याच्या पडद्यावरचे झाडांचे ठिपके दाखवू लागल्या. "कोरड्या पानगळीच्या जंगलात बी आईझाडाखाली पडतं, म्हणून रोपं घोळक्याने येतात. मग उन्हाळ्यात पाण्यासाठी मारामारी. बहुतेक मरतात, उरतात ती लांब लांब. माणसाचा हात लागला की ही अंतरं बिघडतात. इथली बिघडलेलीच नाहीत."

"बिघडवाची काहून?" सोमारी उसळली. "सरपण आमी पडलेलं आणतो. मोहाची बी मूठभर घेतो न पाठीमागं फेकतो. वळून पाहत नाई. जगंल ते आमचं, मरंल ते जंगलाचं. हा मोह माह्या आजीनं फेकला हाये!"

केंडेबाईंनी ते ठिपके पुन्हा पाहिले. या लोकांनी जंगलाचीच रीत इतकी तंतोतंत पाळली होती, की त्यांचा मागमूस उरला नव्हता. बाईंना ते पटलं. पण पटून उपयोग काय? त्यांचा शब्दही शेवटी माणसाचीच साक्ष.

नदीपलीकडच्या गावाने डोंगर बोडका करून सागाच्या रांगा लावल्या होत्या. त्या रांगांत यंत्राला माणसाचा हात दिसला, म्हणून त्यांना जमिनीच्या हक्काचा पट्टा मिळाला. सोमारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला त्या गावाचा, त्या यंत्राचा आणि समोरच्या शहाण्या बाईचा सारखाच राग आला.

"त्याले हातच पाह्याचा हाये ना?" तिने कुऱ्हाड उचलली.

"मावशी, थांबा! अहो, ऐका तरी!"

ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. आजीचा मोह पाडायला तिला तास लागला. घावागणिक ती शिव्या देत होती आणि रडत होती. झाड कोसळलं, तसं वर घिरट्या घालणाऱ्या अंतरवाचकाच्या ड्रोनने अंतरं पुन्हा मोजली. पडदा लाल झाला.

"दिसला का हात?" धापा टाकत तिने विचारलं.

"दिसला."

"मंग वाचा ना, काय म्हन्ते?"

केंडेबाईंनी वाचलं. "या वनात माणसाचा पहिला प्रवेश, आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. चेहऱ्यावरून ओळख, सोमारी कोवे. गुन्हा, अतिक्रमण."